दारावरची नोटीस आणि माणसाची पत



उन्हाळ्यात दिवसभराचा उकाडा ओसरला की संध्याकाळी गावाने एकत्र बसावे आणि चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात, ही रीत न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली घालून दिली. त्याच १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली आणि त्यांचे खतपत्रांचे दप्तर रस्त्यावर आणून जाळले. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात, एकीकडे व्याख्यानाची पहिली समई पेटली आणि दुसरीकडे कर्जखतांची होळी पेटली. त्या दिवसापासून आजपर्यंत दीडशे वर्षे लोटली. व्याख्यानमाला टिकली, आणि कर्जाचा प्रश्नही टिकला. म्हणून पाचोडसारख्या बाजारपेठेच्या गावात आज आम्ही कर्जापायी जाणाऱ्या घराविषयी आणि त्याबरोबर जाणाऱ्या पतीविषयी बोलावे, हे आम्हांस गैर वाटत नाही.

हा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. आमच्या नोकरीची बरीच वर्षे एका बँकेच्या वसुली खात्यात गेली. कर्ज थकले म्हणजे घराच्या दारावर ताब्याची नोटीस डकवायची, पंचनामा करायचा, फोटो काढायचा आणि परत यायचे, हे काम आम्ही केले आहे. असेच एकदा एका गावी आम्ही नोटीस लावत होतो. घरात एक वृद्ध बाई होत्या. आम्ही कोण, कशासाठी आलो, हे कळण्याच्या आधीच त्यांनी आमच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवला. मग त्यांनी विचारले, ‘‘साहेब, हा कागद परवा लावला तर नाही का जमायचं? उद्या पोरीला पाहायला पाव्हणे यायलेत.’’

आम्ही काय करणार? तारीख ठरलेली, बरोबर माणसे आलेली. कागद आम्ही लावला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला पुढे कधी झाले नाही. मात्र एक गोष्ट त्याच दिवशी कळली. त्या बाईंच्या मुलाला बँकेने त्याआधी पाच-सहा पत्रे पाठविली होती. ती सगळी पाकिटे धान्याच्या कोठीमागे, न फोडता, नीट रचून ठेवलेली सापडली. आईला काही कळू नये म्हणून मुलाने ती लपविली होती. आजचे आमचे सारे व्याख्यान त्या न फोडलेल्या पाकिटांविषयीच आहे असे म्हटले तरी चालेल.

आता प्रथम शब्दांचा अर्थ नीट लावू. आपल्या भाषेत ऐपत आणि पत असे दोन शब्द आहेत, आणि ते वेगळे आहेत हे आपल्या वाडवडिलांनी पक्के ओळखले होते. ऐपत म्हणजे माणसाजवळ काय आहे ते. पत म्हणजे त्याच्या शब्दावर दुसरा माणूस काय द्यायला तयार आहे ते. वाडा असून पत नसलेली माणसे असतात. आणि अंगावरच्या धोतरजोडीवर पाच पोती बियाणे उधार मिळविणारी माणसेही आपण पाहिली आहेत. घर गेले म्हणजे ऐपत गेली हे सर्वांना दिसते. पण पत केव्हा जाते? घर गेल्यावर? लिलावाची दवंडी फिरल्यावर? सर्वसाधारण समज असाच आहे. आणि तो समज चुकीचा आहे, हेच आज आम्हांला सांगावयाचे आहे. पत घराच्या पुष्कळ आधी जाते.

पूर्वी माणसाची पत गावाच्या तोंडी असे. दुकानदार, अडत्या, पाटील, साक्षीला राहणारे शेजारी यांच्या बोलण्यात ती वावरत असे. त्या पतीला डोळे होते. दुष्काळ पडला तर तो साऱ्या गावाला दिसे. ‘औंदा पाऊसच नाही, तो बिचारा काय करणार’ असे म्हणून सावकारसुद्धा कधी वर्षभर थांबे. पण त्या पतीचे दोषही मोठे होते. ती जात पाही, घराणे पाही, आणि एकदा वाकडे तोंड केले की तीन पिढ्या ते सरळ करीत नसे.

आजची पत दप्तरात असते. क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो म्हणून एक कंपनी २००० साली निघाली; तिच्या नावाची आद्याक्षरे जोडून ‘सिबिल’ हा शब्द झाला, आणि आता तो इतका मराठी झाला आहे की पारावरचा माणूसही ‘माझे सिबिल खराब झाले’ असे सहज बोलतो. या कामाचा कायदा २००५ साली झाला. आज अशा चार कंपन्या देशात आहेत. बँकांनी आपल्या प्रत्येक कर्जदाराचा हिशेब त्यांना कळवायचा असतो, आणि १ जानेवारी २०२५ पासून तो निदान दर पंधरवड्याला कळवावा लागतो. त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा तयार होतो. हा आकडा जात विचारत नाही, ही त्याची चांगली बाजू. पण तो पाऊसही विचारत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरने पाणी घालून ज्यांनी झाडे जगविली त्यांचे घर त्या पाण्यावर खर्च झाले, आणि ज्यांनी नाही जगविली त्यांना बाग तोडून सरपण करावे लागले. त्या वर्षी ज्याचा हप्ता चुकला आणि ज्याने पैसे जुगारात उडविले म्हणून हप्ता चुकला, त्या दोघांच्या नावापुढे दप्तरात एकच नोंद पडते. कारणाचा रकाना त्या वहीत नाही.

आता हे घड्याळ कसे चालते ते पाहा. आपण एक हिशेब मांडू. समजा, एका माणसाने घर बांधण्यासाठी १० लाख रुपये, ९ टक्के व्याजाने, २० वर्षांच्या मुदतीने घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ९ हजार रुपये येतो. पाच वर्षे त्याने एकही हप्ता न चुकविता भरला. म्हणजे त्याच्या खिशातून सुमारे ५ लाख ४० हजार रुपये गेले. आता मुद्दल किती फिटले असेल? कोणी म्हणेल निम्मे, कोणी म्हणेल पाव. श्रोतेहो, ते फिटले आहे अवघे १ लाख १३ हजार. ८ लाख ८७ हजार अजून बाकी आहेत. यात कोणी लबाडी केलेली नाही. चक्रवाढीचे गणितच तसे आहे, पहिल्या वर्षांचा हप्ता बहुतेक व्याजातच जिरतो. पण हे आधी कोणी समजावून सांगितलेले नसते, म्हणून सहाव्या वर्षी माणूस म्हणतो, ‘साडेपाच लाख भरले तरी कर्ज तेवढेच? आता भरतच नाही!’ रागाच्या भरात तो हात आखडतो, आणि तेथून घड्याळ सुरू होते.

पहिला हप्ता एका दिवसाने चुकला तरी खात्यावर लक्ष ठेवण्याची खूण पडते. तीस दिवसांनी दुसरी, साठ दिवसांनी तिसरी. नव्वद दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते. त्यालाच बँकेत एनपीए म्हणतात. पीककर्जाला हंगामाचा हिशेब लागतो, घरकर्जाला नाही. येथपर्यंत थकबाकी किती? तीन हप्ते, म्हणजे २७ हजार आणि वर दंड. गावात दोन पाहुण्यांकडून उचलून भरता येईल एवढी रक्कम. पण नव्वद दिवसांनंतर बँकेला सबंध कर्ज एकदम मागण्याचा अधिकार येतो, आणि २७ हजारांच्या जागी ८ लाख ८७ हजारांची मागणी दारात उभी राहते. त्यानंतर एखादा हप्ता भरून भागत नाही. सारी थकबाकी फिटल्याखेरीज खाते पुन्हा चांगले म्हणू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली स्पष्ट केले आहे. दारावर नोटीस लागते ती यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे शेजाऱ्यांना बातमी कळते तेव्हा दप्तरातली पत जाऊन कितीतरी दिवस झालेले असतात. त्या बाईंच्या दारावर आम्ही कागद लावला तो शेवटचा अंक होता. नाटक कोठीमागच्या पाकिटांत आधीच होऊन गेले होते.

आता कायद्याकडे वळू. कायदा म्हटला की माणूस घाबरतो, पण आपले हक्क त्यातच लिहिलेले असतात. गहाणाचा मूळ कायदा १८८२ चा. त्याचे तत्त्व असे की गहाण ते गहाणच. कर्ज फेडले की मालमत्ता सोडवून घेण्याचा मालकाचा हक्क कोणत्याही करारातील शब्दांनी मारता येत नाही. पूर्वी गहाण वसूल करायला बँकेला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागत. २००२ साली सरफेसी नावाचा कायदा आला आणि बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हा कायदा उचलून धरला; मात्र दाद मागण्यापूर्वी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरा, ही अट अन्यायाची म्हणून रद्द केली. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे की नाही, हा वाद कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ५ मे २०२० रोजी ‘लागू आहे’ असा निकाल लागला.

या कायद्याच्या पायऱ्या आम्ही सांगतो, त्या ध्यानात ठेवा. पहिली पायरी साठ दिवसांच्या मागणी नोटिशीची. या साठ दिवसांत कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत लेखी, सकारण उत्तर दिले पाहिजे. आमच्या नोकरीत शंभर नोटिशी गेल्या तर अशी हरकत घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. दुसरी पायरी ताब्याची. आधी बहुधा कागदोपत्री ताबा होतो. त्याची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत येते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. प्रत्यक्ष कुलूप लावण्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांची मदत घेते. या पायरीविरुद्ध पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि ते न्यायाधिकरण आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे. मुंबईला जाण्याचे कारण नाही. तिसरी पायरी विक्रीची. तिला तीस दिवसांची नोटीस लागते, मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत काढावी लागते. आणि येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट: पूर्वी लिलावाच्या क्षणापर्यंत पैसे भरून घर सोडविता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती मुदत लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच राहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तसेच सांगितले. म्हणून ‘लिलावाच्या दिवशी बघू’ असे म्हणणाऱ्याचे घर गेलेच समजावे.

आणखी दोन गोष्टी. कर्जाची बाकी मुद्दल-व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी उरली असेल तर हा कायदा वापरता येत नाही. आणि शेतजमिनीला तो लागूच नाही. ही दुसरी सवलत शेतकऱ्याच्या हिताची, यात शंका नाही. पण तिची एक सावली आहे. शेतीवर हात टाकता येत नाही म्हटल्यावर कर्ज देणाऱ्याची नजर साहजिकच घराकडे जाते. पूर्वी गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यापलीकडे कागद नसे, त्यामुळे बँक ते तारण सहसा घेत नसे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जाऊ लागली आणि घराघराला मिळकत पत्रिका मिळू लागली. ही फार चांगली गोष्ट झाली. खेड्यातल्या घराला पहिल्यांदा पत आली. पण ज्याला पत आली ते गहाण पडू शकते, आणि जे गहाण पडू शकते ते जाऊही शकते. मिळकत पत्रिका हातात घेताना तिच्या दोन्ही बाजू पाहाव्यात.

आता पत जाते म्हणजे कोणाकोणाची जाते? फक्त कर्ज घेणाऱ्याची, असे आपण समजतो. पहिली, सहकर्जदाराची. घर दोघांच्या नावे असावे म्हणून बायकोची सही घेतलेली असते. हप्ता चुकला की तिच्या नावापुढेही तीच नोंद पडते. तिने एक रुपया हातात धरलेला नसतो; पुढे ती शिलाई यंत्रासाठी लहानसे कर्ज मागायला जाते आणि तिला सांगितले जाते, ‘बाई, तुमचे सिबिल बसत नाही.’ दुसरी, जामीनदाराची. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आधी कर्जदाराचे घर विकून झाल्यावर मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही. आपल्याकडे जामीन राहणे हा नात्याचा आणि भिडेचा प्रकार आहे. मामाचा मुलगा आला, सही केली, चहा घेतला, विसरलो. आठ वर्षांनी स्वतःच्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना ती सही समोर उभी राहते. तिसरी, मालकाची. मुलाच्या दुकानासाठी बापाने आपले घर तारण दिले. कर्जदार मुलगा, मालक बाप. कायद्याच्या व्याख्येत असा तारण देणाराही कर्जदारच धरला जातो. म्हातारपणी ज्याने एक पैसाही उचलला नाही त्याचे छप्पर अशा रीतीने जाते.

पतसंस्थांचा मार्ग निराळा. त्यांना सरफेसी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ प्रमाणे त्या वसुलीचा दाखला मिळवितात, आणि मग वसुली अधिकारी जप्ती व लिलाव करतो. दाखला देण्यापूर्वी निबंधकापुढे सुनावणी होते. त्या सुनावणीला हजर राहा, हिशेबाचा उतारा मागा. गैरहजर माणसाची बाजू कोणी मांडत नाही.

आणि सावकार? तो गेला असे समजू नका. सुप्याच्या होळीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कोर्टाने खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासावा, असे त्यात होते. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. पैठणला गोदावरीच्या पलीकडे, शेवगावच्या बाजूला तो लागू. अलीकडे निजामाचे राज्य, येथे तो नाही. म्हणजे नदी ओलांडली की शेतकऱ्याचे संरक्षण संपे! पण पलीकडेही काय झाले? सावकारांनी हात आखडता घेतला, आणि पुष्कळ ठिकाणी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. मनात गहाण, कागदावर विक्री. ही चाल आजही जिवंत आहे. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात अशी तरतूद आहे की सावकारीच्या व्यवहारात मागील पंधरा वर्षांत मालमत्ता गेली असेल तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत ते सिद्ध झाले तर मालमत्ता परत मिळू शकते. हे ठाऊक नसल्यामुळे किती घरे गेली याचा हिशेब कोण देणार?

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग बँकांचे हात बांधून टाका म्हणजे झाले. श्रोतेहो, आम्ही तसे म्हणणार नाही. बँकेत जो पैसा आहे तो कोणाचा? निवृत्त मास्तरांचा, विधवा बाईंचा, मोसंबी विकून आलेल्या चार पैशांचा. तो वसूल झाला नाही तर ठेवीदार रस्त्यावर येतो. महाराष्ट्रात सहकारी बँका बुडताना आपण ते डोळ्यांनी पाहिले आहे. तारण विकता येत नसेल तर उद्या तुमच्या घरावर कर्ज कोण देईल? जे घर कधीच जप्त होऊ शकत नाही त्याला पतही मिळत नाही. उलट, ज्याची ऐपत नाही त्याला डोळे मिटून कर्ज देणाराही गुन्हेगारच आहे. अमेरिकेत ते झाले. मिळकत न पाहता घरकर्जे वाटली, ती कागदे पुढे विकली, आणि २००८ साली सारा डोलारा कोसळला. लाखो कुटुंबे घराबाहेर पडली. तेथे अशा जप्तीची नोंद माणसाच्या पतपत्रकावर सात वर्षे राहते. मात्र तेथील काही राज्यांत घर गेले की घरकर्ज सहसा तेथेच संपते. आपल्याकडे तसे नाही. लिलावात घर ८ लाखांना गेले आणि येणे १० लाख असेल, तर उरलेले २ लाख माणसाच्या मागे राहतात. घर गेले, पत गेली, आणि कर्ज मात्र राहिले. अर्थात येण्याहून जास्त पैसे आले तर वरची रक्कम मालकाची असते. ती मागून घ्यावी, लाजू नये.

सरकारी माफीविषयी चार शब्द बोलणे भाग आहे. २००८, २०१७ आणि २०१९ या वर्षांच्या कर्जमाफ्या आपण पाहिल्या. २०२२ साली राज्य सरकारने भूविकास बँकेच्या ३४ हजारांहून अधिक शेतकऱ्यांची सुमारे ९६४ कोटींची बाकी माफ केली आणि सातबाऱ्यावरचे जुने बोजे उतरण्याची वाट मोकळी झाली. ज्यांच्या जमिनी त्यामुळे मोकळ्या झाल्या त्यांच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. पण माफी ही शेतीच्या कर्जाला मिळते. घराच्या कर्जाला कोणी माफी देत नाही. ‘पुढे माफी होईल’ म्हणून घराचे हप्ते थांबविणारे आम्हांला भेटले आहेत. त्यांना आम्ही काय सांगणार होतो?

मग ज्याची पत गेली त्याने काय करावे? पहिली गोष्ट, तडजोडीचा अर्थ समजून घ्यावा. बँक एकरकमी तडजोडीत काही रक्कम सोडते. चांगली गोष्ट आहे, पण त्या खात्यापुढे ‘तडजोड’ असा शेरा पडतो. ‘पूर्ण फेड’ आणि ‘तडजोड’ यांत पुढचा सावकार फरक करतो. जमत असेल तर पूर्ण फेड करावी, नसेल तर तडजोड करावी, पण ती डोळे उघडे ठेवून. दुसरी गोष्ट, फेड झाली की घराचे मूळ कागद मागून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे ते तीस दिवसांत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. तिसरी गोष्ट, दप्तर तपासावे. आपले पतपत्रक वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळते. त्यात चूक असेल तर तक्रार करावी. ती तीस दिवसांत निकालात निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तेवढ्यानेही झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

येथे आम्हांला आपल्या तालुक्यातलीच एक कथा आठवते. पैठणचे एकनाथ महाराज देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे हिशेबाच्या कामावर होते. एका पैची चूक लागेना म्हणून ते रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले, आणि पहाटे ती सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, असे सांगतात. कीर्तनकार या कथेतून परमार्थ काढतात, तो योग्यच आहे. आम्ही तिच्यातून थोडा प्रपंचही काढतो. आपल्या हिशेबात एका पैची चूक असेल तर ती शोधायला एक रात्र जागावे, एवढी त्या हिशेबाची किंमत आहे.

चौथी गोष्ट, धीर धरावा. पतीची माहिती निदान सात वर्षे जपून ठेवावी असा कंपन्यांना नियम आहे, पण रोजच्या पत्रकात मुख्यतः मागल्या छत्तीस महिन्यांची वागणूक दिसते. लहानसे कर्ज घेऊन ते वेळेवर फेडावे, पुन्हा घ्यावे, पुन्हा फेडावे. आकडा हळूहळू वर चढतो. गावाच्या तोंडची जुनी पत तीन पिढ्या रुसत असे. ही दप्तरातली पत काही वर्षांत मनधरणी ऐकते. एवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

तुकोबांच्या घरी सावकारी होती. त्यांनी लोकांकडून येणे असलेली खतपत्रे इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. सुप्याच्या शेतकऱ्यांनी खते जाळली. आज कोणी कागद बुडवून किंवा जाळून कर्ज संपत नाही. नोंद चार ठिकाणी असते. मग आपल्या हातात काय उरले? आमच्या मते उरला तो वेळ. पहिला हप्ता चुकण्याच्या आधीचा आठवडा, ज्या आठवड्यात माणसाने लाज गिळून शाखेत जावे आणि ‘साहेब, औंदा पीक नाही, हप्त्यांची फेरआखणी करून द्या’ असे लेखी मागावे. तो अर्ज बँक मान्य करीलच असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगत नाही. पण नव्वद दिवसांच्या आत आलेल्या माणसाशी बोलायला आमच्यासारख्या नोकराच्या हातात पुष्कळ काही असे. नंतर आलेल्यासाठी हातात फक्त डिंकाची बाटली आणि कागद उरे.

आम्ही आता निवृत्त आहोत. त्या वृद्ध बाईंचे घर लिलावात गेले. विकत घेणाऱ्याने दार रंगविले असेल, आमच्या कागदाची खूणही आता उरली नसेल. परंतु त्यांच्या मुलाने पहिले पाकीट फोडून आईपुढे ठेवले असते, तर त्या माउलीने अंगावरचे मंगळसूत्र मोडून २७ हजार उभे केले असते, अशी आमची खात्री आहे. मुलाला आईची लाज राखायची होती, आणि त्या राखण्यातच ती गेली.

म्हणून आपल्याला एकच विनंती. आज घरी गेल्यावर कोठीमागे, देव्हाऱ्याखाली, कपाटाच्या वर, जेथे कोठे बँकेचे न फोडलेले पाकीट पडले असेल, ते काढा, फोडा, आणि घरातल्या सर्वांना बसवून मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारच्या शिकलेल्या मुलाने वाचून दाखवावे. या व्याख्यानमालेने या गावी एवढे घडवून आणले, तर न्यायमूर्ती रानड्यांनी लावलेली समई पाचोडातही तेवत आहे असे आम्ही समजू.